अर्धा राहिलेला मांड

तिला मावशी म्हणायचं, असा आमच्या भजनी मंडळात रीतसर ठराव झाला. कागदावर नाही, पण देवळाच्या सभामंडपात, आरती झाल्यावर, सगळ्यांनी माना डोलावून. गावड्यांच्या, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांच्या, वाड्यावरची जी थोरली बाई आमच्याबरोबर गायला येणार होती, तिला आजवर आम्ही नुसत्या नावाने हाक मारत आलो होतो, पुढे 'गो' लावून. तिची सत्तरी उलटलेली, आणि आमच्यातल्या चाळिशीच्या सुना तिला 'ये गो', 'बस गो' करायच्या. ती मात्र आम्हाला 'बाय' म्हणे आणि 'तुमी' म्हणे. आता एकत्र गायचं तर हे बरं दिसत नाही, असं कुणीतरी काढलं. पहिल्या दिवशी ती पायऱ्यांपाशी येऊन उभी राहिली तेव्हा मी मोठ्या प्रेमाने म्हटलं, "मावशी, वर या." तिने मागे वळून पाहिलं. कुणाची मावशी आली, ते ती बघत होती.

आम्ही हसलो. तीही हसली. तेव्हा तो प्रसंग आम्हाला गोड वाटला, घरोघरी सांगण्यासारखा. मी स्वतः तो दोन-तीन ठिकाणी सांगितला.

मी मूळची पेडण्याची. लग्न होऊन डिचोली तालुक्यातल्या या गावात आले, तालुक्याच्या कचेरीत नोकरी केली, निवृत्त झाले. आमचं घर देवळाला लागून. हे देवस्थानाच्या समितीचे सचिव आहेत. गावात मला मान आहे आणि खोटं कशाला बोलू, तो मला आवडतो. कुणाचं काही अडलं की 'वहिनींना सांगा' म्हणतात, आणि मी पदर खोचून निघते.

देवळाच्या मागे एक सपाट जागा आहे, तिथे वाड्याचा मांड होता. मांड म्हणजे मैदान नव्हे आणि नुसतं अंगणही नव्हे. पौषात वाड्यावरच्या बायका तिथे धालो घालतात. जागा शेणाने सारवायची, मधे नारळ ठेवायचा, धरणीला आणि डोंगरातल्या देवीला गाण्यातून बोलवायचं. मग दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला हात घालून. एक रांग ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ परत म्हणते. असं काही दिवस चालतं आणि शेवटच्या दिवशी, उजेडातच, देवीला गाण्यातूनच निरोप देऊन मांड उठवतात. तोवर देवी तिथे आहे असं धरायचं. मांड न उठवता सोडून जाणं म्हणजे पाहुणीला घरात बोलावून, पाटावर बसवून, आपण दाराला कडी लावून निघून जाणं.

नेमकं तेच झालं होतं, फक्त कडी आम्ही लावली होती. काही वर्षांपूर्वी माघातल्या जत्रेसाठी गाड्या लावायला जागा हवी म्हणून समितीने तिथे सिमेंटचे पेव्हर घालायचं ठरवलं. सुर्ल्याकडचे खनिजाचे ट्रक तेव्हा काम नसल्याने रिकामे उभे होते, खडी लगेच मिळत होती. पौष चालू आहे, धालो मध्यावर आले आहेत, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल आणि ते कुणाला महत्त्वाचं वाटलं नसेल. सकाळी बायका सारवायला आल्या तर मांडावर खडीचा ढीग. जत्रेला पाहुण्यांच्या गाड्या व्यवस्थित लागल्या.

त्या वर्षापासून वाडा देवळात यायचा बंद झाला. भांडण नाही, तंटा नाही. भाद्रपदात नव्याच्या सणाला शेतातली पहिली कणसं देवाला त्यांच्या हातून येत, ती यायची थांबली. समिती आता नव्याची कणसं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणते. देवापुढे ती कणसं ठेवताना भटजीसुद्धा इकडेतिकडे बघतात. आणि वाड्यावरच्या बायका रस्त्याने जाताना पेव्हरच्या कडेला आल्या की चपला काढून हातात घेतात, गाड्यांच्या बाहेरून वळसा घालतात आणि पुढे गेल्यावर पुन्हा चपला घालतात. हे मी माझ्या स्वयंपाकघराच्या जनेलातून कितीतरी वेळा पाहिलंय, भाजी चिरता चिरता.

समूहगानाची कल्पना आमच्या मंडळाच्या गायनाच्या बाईंची. त्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की दूरदेशी, जिथे मूळच्या लोकांवर नंतरच्यांनी अन्याय केला, तिथे आता दोघे मिळून गातात, आणि गाता गाता मनातली अढी जाते. बाईंनी हे सभामंडपात इतकं सुंदर सांगितलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपणही वाड्यावरच्या बायकांना बोलवू, त्या आपलं भजन म्हणतील, आपण त्यांचं गाणं म्हणू. समितीलाही पटलं. कणसं परत येतील, हे समितीला पटण्याचं खरं कारण.

बोलावणं घेऊन अर्थात मी गेले. थोरली घराच्या ओट्यावर आमसुलं निवडत बसली होती. माझ्यासाठी तिने आतून कदेल मागवली. तिची सून ती खुर्ची पुसत पुसत घेऊन आली. सून तुयेच्या वसाहतीत कारखान्यात जाते, त्या दिवशी सुट्टीवर होती. मी सगळं सांगितलं, दूरदेशच्या लोकांसकट. थोरलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येतलों आमी. तुमचें गीत म्हणटलों. पूण बाय, माका मांड उठोवपाक दितले?"

मला पटकन कळलं नाही. तेव्हा तिने शांतपणे सांगितलं की त्या वर्षी मांड तसाच राहिला. तिने स्वतः देवीला बोलावलं होतं, म्हणजे पाठवणी तिनेच करायला हवी. तिच्यानंतर ते गाणं पुरतं येणारं कुणी नाही. "हांव गेलें जाल्यार ती थंयच बसून उरतली," ती म्हणाली. "माका आनीक कायच नाका." ती गेली तर देवी तिथेच बसून राहणार होती, थोरलीला दुसरं काहीच नको होतं.

"देणार, का नाही देणार?" मी कुणालाही न विचारता बोलून गेले. उठताना मला वाटलं, चला, एवढ्यावर मिटतंय.

दर शनिवारी दुपारी त्या यायला लागल्या. थोरली, सून आणि वाड्यावरच्या आणखी काही बायका. यायच्या आणि सभामंडपाच्या पायरीला टेकून बसायच्या. आम्ही म्हणायचो, अहो वर या, इकडे बसा. मग त्या हातभर सरकायच्या. आम्ही सतरंजीवर, त्या सतरंजीच्या काठावर. कुणी तसं सांगितलं नव्हतं. पण सतरंजी पुढे ओढून त्यांच्याखाली घालावी, हेही कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. मी सतरंजीच्या मधोमध टाळ घेऊन बसायची.

आमचं भजन त्यांनी बघता बघता उचललं. आम्ही इतक्या वर्षांत जिथे सूर चढा लावतो तिथे त्यांचा बरोबर बसायचा. आमच्या बायका कौतुक करायच्या, "अगोबाई, किती छान म्हणतात हो!" हे आम्ही त्यांच्यासमोर म्हणायचो, एकमेकींकडे बघून, लहान मुलाने कविता म्हटल्यावर आई-मावशा म्हणतात तसं. बाई त्यांचे उच्चार दुरुस्त करायच्या. थोरली तेवढा शब्द पुन्हा म्हणायची आणि पुढच्या वेळी परत आपल्यासारखाच म्हणायची. मला वाटतं ते ती मुद्दाम करत होती. तसं असेल तर बरंच आहे.

मग त्यांच्या गाण्याची पाळी आली. बाईंनी पेटी पुढे घेतली. आमच्यातल्या एकीने मोबाइल काढून समोर धरला. बाई म्हणाल्या, "मावशी, ते मांड उठवायचं गाणं एकदा म्हणून दाखवा. म्हणजे आम्हाला चाल कळेल, तालीम करता येईल."

थोरली पेटीकडे बघत राहिली.

"नुसतं गुणगुणलात तरी चालेल," बाई म्हणाल्या.

"तें म्हणून दाखोवपाचें न्हय बाय," ती म्हणाली. "म्हटलें काय जालेंच तें. मागीर परत कशें म्हणप?"

आता माझं माहेर पेडण्यात. तिथे धालो आमच्याही वाड्यावर व्हायचे, माझी आई रांगेत उभी राहायची. पाठवणीचं गाणं पाठवणीलाच म्हणतात, त्याची तालीम होत नाही, हे मला कळायला हवं होतं. मला ते कळलंही, पण बाईंपुढे कुठे बोलायचं म्हणून गप्प बसले. आमच्यातली एक माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बघितलंस? भाव खाते." आणि मी हसले. मोठ्याने नाही, पण हसले. वर बघितलं तर थोरलीची सून माझ्याकडे बघत होती. तिने ऐकलं होतं. ती काही रागावली नाही. तिने फक्त नजर काढून घेतली, जसं एखाद्याचं उघडं अंग चुकून दिसलं की आपण काढून घेतो. त्या दिवशी घरी येऊन मी उगाच भांडी आपटली. हे म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पित्त झालंय.

मांड उठवायचा तर जमीन हवी, हे मला दिसत होतं. एका सकाळी चहा देताना मी ह्यांना विचारलं, "मधले थोडे पेव्हर तात्पुरते काढता येतील का?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "काढायचे आणि परत बसवायचे? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? एकदा काढले की परत सपाट बसत नाहीत ते. वर म्हणतील, ठेवा तसंच." मग जरा विचार करून म्हणाले, "त्या दिवशी गाड्या बाहेर लावायला सांगतो. पेव्हरवरच सारवू दे त्यांना. एवढं समितीतर्फे आपण करू."

यावर मी भांडायला हवं होतं. एरवी भाजीत मीठ कमी म्हटलं तर मी भांडते. पण मी तीच गोष्ट साखर घालून थोरलीकडे नेली. समितीने तुमच्यासाठी गाड्या हलवायचं कबूल केलंय, म्हटलं. ती बराच वेळ आमसुलं निवडत राहिली. मग म्हणाली, "जातलें. सकयल धरतर आसाच न्हय." खाली धरणी आहेच ना. तिने माझी अडचण ओळखून मलाच सोडवलं, असं मला वाटलं आणि मी कानकोंडी झाले. तरी निघताना मी तिचे आभार मानले नाहीत. तिनेच माझे मानले.

ठरल्या दिवशी त्या सकाळपासून येऊन सारवत होत्या. पेव्हरवर शेण धरत नाही. घडीभर बरं दिसतं, मग ऊन लागलं की पापुद्रा सुटतो. थोरली वाकून पुन्हा पुन्हा हात फिरवत होती, सून बालदीने पाणी आणत होती. आम्ही इस्त्रीच्या साड्या नेसून कडेला उभ्या होतो. समितीने मागच्या भिंतीवर फलक लावला होता, 'सलोख्याचे समूहगान', वर समितीच्या लोकांचे फोटो, ह्यांचाही. वाड्यावरच्या कुणाचा नव्हता. मी पदर खोचला, चपला काढल्या आणि बालदीला हात लावला. सून म्हणाली, "ऱ्हावंदी बाय, साडी म्हेळी जातली." साडी मळेल म्हणाली. आणि मी राहू दिलं. साडी चांगली होती.

दुपार कलल्यावर रांगा केल्या. वाड्यावर आता पुऱ्या दोन रांगांइतक्या बायका उरल्या नाहीत. पोरी लग्न होऊन गेल्या, उरलेल्या कामाला जातात. म्हणून त्यांची एक रांग आणि समोर आमची. आमचा सूर सांभाळायला सून आमच्या रांगेत आली. कमरेला हात घालायची वेळ आली तेव्हा आमच्यातल्या एकीची पाठ दुखायला लागली आणि दुसरीला देवघरातल्या दिव्याची आठवण झाली. त्या कडेला जाऊन खुर्च्यांवर बसल्या. माझ्या एका बाजूला गायनाच्या बाई, दुसऱ्या बाजूला सून. तिचा हात माझ्या पाठीमागून आला आणि कमरेशी घट्ट बसला. कामाचा हात. इतक्या वर्षांत या वाड्यावरच्या कुणाचाही हात माझ्या अंगाला लागला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. मीही हात घातला. पेव्हर तापले होते, पाय भाजत होते.

थोरलीने गाणं सुरू केलं. पेटी नाही, टाळ नाही. आधी धरणीचं नाव, मग डोंगराचं, मग पाण्याचं. त्यांची रांग वाकून ओळ टाकायची, आम्ही वाकून ती परत करायचो. आम्हाला आघाडीला गायची सवय, त्यामुळे सुरुवातीला आमच्यातल्या दोघी-तिघी ओळ संपायच्या आतच शिरायच्या. मग जमलं. सोपं होतं, ती म्हणेल तेच म्हणायचं. मी तर रमले. मला वाटलं, बाई म्हणाल्या होत्या ते हेच, अढी जाते ती अशी.

मग ती घरांवर आली. जाताना देवीने गावातल्या एकेका घराचं बरं करून जावं, असं ते मागणं होतं. घरांची नावं नाहीत, खुणा. विहिरीकडचं घर, त्यातली गुरं सुखात राहू देत. वडाजवळचं घर, त्याचं पीक येऊ दे. वाड्यावरची घरं आधी, मग आमच्या बाजूची. आणि मग तिने म्हटलं, देवळाला लागून असलेलं घर. त्या घरचा धनी सुखात राहू दे. त्या घरच्या चुलीला कधी खंड पडू नये.

ते आमचं घर. तो धनी भिंतीवरच्या फलकात हसत होता, त्यानेच इथे खडी टाकवली होती, आणि ती बाई तापल्या पेव्हरवर अनवाणी उभी राहून त्याच्यासाठी मागत होती. उपरोध नव्हता, टोमणा नव्हता. विहिरीकडच्या घरासाठी जो आवाज होता तोच. आता आमच्या रांगेने ते परत म्हणायचं. म्हणजे मी. माझ्या घराचं भलं कर, असं मी तिच्याच मांडावर उभं राहून मागायचं.

माझा आवाज फुटेना. आमच्या रांगेतल्या बाकीच्या म्हणू लागल्या, पण त्याही अडखळल्या, कारण माझ्याकडे बघत होत्या. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. खाली बघत राहिले तर सारवणाचा पापुद्रा सुटून खालचा लाल पेव्हर दिसत होता. कमरेशी असलेला हात आवळला. सून माझ्या कानाशी म्हणाली, "म्हण गो. तुज्याखातीर न्हय. ओळ अर्धी उरूंक जायना." तिने मला बाय म्हटलं नाही, तुमी म्हटलं नाही. माझ्यासाठी नव्हे, ओळ अर्धी राहू नये म्हणून म्हणायचं होतं.

मी म्हटलं. कसंबसं, घशातल्या घशात, पण ओळ पुरी केली.

शेवटी थोरलीने शेणाचं पाणी चारी दिशांना शिंपडलं, मधला नारळ उचलला आणि ओच्यात घेतला. खुर्च्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गायनाच्या बाई रडत होत्या. त्यांनी थोरलीला मिठी मारली आणि म्हणाल्या, "मावशी, आता दर पौषात! आपण सगळ्या मिळून घालू या धालो." थोरली त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली, लहान मुलीला समजवावं तशी.

मी सुनेला विचारलं, "झालं सगळं? नीट झालं ना?"

"जालें," ती म्हणाली. मग बालदी उचलत म्हणाली, "निमाणी एक ओळ आसता. फुडल्या वर्सा परत यो म्हणपाची. ती तिणें म्हणूंक ना."

शेवटच्या ओळीत पुढच्या वर्षी परत ये असं म्हणतात, आणि ती तिने म्हटलीच नव्हती. मला थोडा वेळ लागला समजायला. आम्ही समजत होतो, आज काहीतरी सुरू झालं. ती मात्र संपवायला आली होती. देवीला सुखरूप वाटेला लावलं, आणि परत इथे बोलवायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. बोलावणार कुठे?

एवढ्यात हे गाडी घेऊन आले. मंडळींना फराळ आमच्याकडे होता, सामान आणायचं होतं. सारवलेलं बघून त्यांनी गाडी कडेलाच थांबवली, चाक शेणाला लागू दिलं नाही. तेवढी रीत त्यांनी पाळली. थोरलीने ते पाहिलं आणि ती गाडीकडे गेली.

"हाडा भितर," ती ह्यांना म्हणाली. "आता हांगा कायच ना." आत घ्या म्हणाली, आता इथे काहीच नाही.

हे जरा संकोचले. तेव्हा ती गाडीच्या पुढे झाली आणि हाताने खुणा करत, एकेक पाऊल मागे सरत, "येवंदी, येवंदी" म्हणत गाडी आत घेऊ लागली. बाकीच्या बायका बाजूला झाल्या. चपला त्यांनी मांडाच्या मधेच पायांत घातल्या आणि सरळ पेव्हरवरून चालत वाड्याकडे निघाल्या, वळसा न घालता. नारळ होता तिथे गाडी आल्यावर थोरलीने हात वर करून पुरे म्हणून सांगितलं आणि तीही त्यांच्या मागून गेली.

ह्यांनी माझ्या बाजूचं दार आतून उघडलं. खुशीत होते. "बघ," म्हणाले, "किती समजूतदार बाई आहे. झालं ना सगळं गोड?"

मी हो म्हटलं आणि गाडीत बसले.